‘ब्रेक’ हे नाम आहे, साहेब

गुलाबकाकूंसमोर कुणी इंग्रजी शब्द उच्चारला की त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, "नाम का क्रियापद?" उत्तर मिळेपर्यंत पुढचा खोका हलत नसे.

दापोड्याच्या ज्या गोदामात मी कॉम्प्युटरवर नोंदी करते, तिथं काचेची भांडी पॅक करणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. राहायला अंजूरला, शिक्षण सातवी. शाळेतलं बाकी सगळं विसरल्या, नाम आणि क्रियापद तेवढं डोक्यात राहिलं. इंग्रजी शिकल्या ती खोक्यांवरून. "हे शब्द लबाड हायेत," म्हणायच्या. "तोंड एक, धंदे दोन."

ट्रकवाला दारातून "काकू, लोड" म्हणाला, की या शांतपणे विचारायच्या, "लोड हाय का लोड करायचंय? असेल तर नाम, दाखव. करायचं असेल तर क्रियापद, ते हमालांना सांग."

एकदा ऑफिसबाहेरच्या कुंडीवर कुणीतरी इंग्रजीत 'वॉटर' एवढंच लिहून ठेवलं. वॉचमन रामनरेश रोज इमानदारीनं कुंडीशेजारी पाण्यानं भरलेली बाटली ठेवू लागला. आठवड्यात झाड वाळलं. काकू त्याला म्हणाल्या, "भैया, ये क्रियापद है. तू नाम समझा, झाड मर गया."

मग नवे मॅनेजर आले, आणि महिन्याभरात डिनरसेटचा एक अख्खा खोका फुटलेला सापडला. चहाला कोण कधी गेलं त्याची वही काकू ठेवायच्या. नाव, वेळ आणि पुढं इंग्रजीत 'ब्रेक'. साहेबांनी त्या दिवशीच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"शबाना, अकरा दहा, ब्रेक. लिहिलंय इथं. हिनंच फोडलाय. उद्यापासून येऊ नकोस."

शबाना आमच्यातली सगळ्यात गप्प मुलगी. ती खाली बघत ओढणीचं टोक पिळत राहिली. काकू पुढं झाल्या.

"साहेब, हे ब्रेक नाम हाय. पोरगी चहाला गेली होती."

"मला इंग्रजी शिकवू नका."

"शिकवायला लागतंय. फोडलं असतं तर मी ब्रोक लिहिलं असतं. काम होऊन गेलं की क्रियापद कपडे बदलतं." त्यांनी वहीची मागची पानं उलटली. "हे बघा, रोज सगळ्यांच्या नावापुढं ब्रेक हाय. तुमच्या हिशोबानं आम्ही रोज गोदाम फोडतो."

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सहसा स्क्रीनवरून मान वर काढत नाही, पण तेव्हा मीच म्हणाले, "काकूंचं बरोबर आहे, सर."

शबानाची नोकरी राहिली. उलट बोलल्याबद्दल काकूंना मात्र दोन दिवस घरी बसायला सांगितलं. "बसते," काकू म्हणाल्या. "पण ते नामच राहणार." वही माझ्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रामनरेश मला बोलवायला आला. काकू गेटबाहेर त्याच्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर डबा उघडा, तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. काहीच खाल्लेलं नव्हतं.

"काकू, घरी आराम करायचा ना."

"साहेबांनी आत यायला बंदी केलीय. गेटवर बसायला न्हाय." मग डब्याकडं बघत, "हे गेल्यापासून घरात एकटीला घास उतरत न्हाय, पोरी. इथं तुमचा आवाज तरी येतो."

डबा आणायला मी वळले, तर शबाना आधीच बाहेर आली होती. तिच्यामागं सगळ्या बायका आपापले डबे घेऊन. साहेब दारापर्यंत आले, बघत उभे राहिले. एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.

शबाना काकूंच्या पायाशी जमिनीवर बसली. "चाची," ती म्हणाली, "जवला अकेले खाओगी क्या?"

काकू स्टुलावरून उतरून तिच्याशेजारी बसल्या आणि डबा मध्ये सरकवला.