दारातली दोरी

रूलीकाकू कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवून वळल्या, तोच वाऱ्याने दार धाडकन लागलं. काकूंना त्याचं काहीच वाटलं नाही. जन्मभराच्या सवयीने त्यांनी टपालाच्या फटीत बोट घातलं आणि बोट रिकामंच बाहेर आलं.

त्या फटीतून कायम एक दोरी लोंबायची. ओढली की दार उघडे. काकूंच्या लहानपणी गल्लीतल्या प्रत्येक दाराला तशी दोरी असे. बाकीच्या केव्हाच गेल्या. काकूंची गेल्या रविवारी मुलाने, वाउटरने, कापली. "आई, हे म्हणजे चोराला आवतणच!" असं म्हणत त्याने फोनवरून उघडणारं कुलूप बसवलं. आता फोन आत, आणि फोनशेजारी गॅसवर वाटाण्याचं सूप रटरटत होतं.

"मेल्या वाउटर!" म्हणत काकूंनी शेजारची घंटा दाबली. दारच बोलायला लागलं.

"नमस्कार, काय हवंय?"

"अगं बाई! कोण ते?"

"मी फ्लोर. इथेच राहते. पण आत्ता ऑफिसात आहे, उत्रेख्त शहरात. ही घंटा माझ्या फोनवर वाजते."

"मग दारात काय करतेस?"

दोन वर्षं भिंतीला भिंत लागून होती, पण तिचं नाव काकूंना आज कळत होतं. त्यांनी वाउटरच्या कुलपाचं आणि लागलेल्या दाराचं गाऱ्हाणं एका दमात सांगितलं.

"आजी, मुलाचा नंबर सांगा."

"तो फोनमध्ये आहे गं."

"आणि फोन?"

"सुपापाशी."

"अरे देवा! मुलगा कामाला कुठे असतो?"

"कालव्यांच्या ऑफिसात."

"शोधते त्याला. तोवर गल्लीच्या ग्रुपवर टाकते. घाबरू नका हं!"

पाच मिनिटांत समोरचे केसभाऊ खुर्ची घेऊन आले. कोपऱ्यावरच्या मार्येताईंनी स्वतःचा कोट काकूंच्या खांद्यावर टाकला आणि हातात कॉफी दिली. तेवढ्यात फटीतून जळका वास आला. काकूंचे डोळे भरून आले. "घर जळेल हो माझं! इथे मुलं वाढली..."

"काही जळत नाही. मी खिडकी फोडतो," असं म्हणून केसभाऊंनी दगड उचलला. तोच कुलूप 'टिक्' वाजलं. वाउटरने ऑफिसात बसून दार उघडलं होतं! केसभाऊंनी आत धावत जाऊन गॅस बंद केला.

सूप तळाशी लागलं होतं, वरचं मात्र झकास होतं. दुपारभर अर्धी गल्ली काकूंच्या स्वयंपाकघरात ते ओरपत होती. संध्याकाळी फ्लोरही आली, तीही चक्क स्वतःच्या पायांनी.

रात्री वाउटरचा फोन आला. "आई, चुकलंच माझं. उद्या येऊन दोरी परत बांधतो."

"खबरदार! दोरी असती तर मी गुपचूप घरात शिरले असते. देव तुझं आणि तुझ्या कुलपाचं भलं करो."

पुढच्या आठवड्यात काकू कचऱ्याचा डबा घेऊन निघाल्या. आधी गॅस बंद केला, मग फोन टेबलावर ठेवला, कोट घातला आणि बाहेर पडून दार स्वतःच ओढून घेतलं. मग शेजारची घंटा दाबली.

"आजी! परत?"

"परत गं," काकू म्हणाल्या. "वाउटरला सावकाश शोध. आणि केसभाऊंना म्हणावं, आज खुर्च्या दोन आणा."