गळत्या नळाचा हेतू

या, असे जवळ सरका. मोबाइल जरा पालथा ठेवा. एका भल्या माणसाची फजिती सांगतो. हसाल, पण आधी त्याच्याबरोबर थोडा घाम गाळावा लागेल.

आजोबा शाळेत आले होते नातीचं कौतुक बघायला. सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. आता एकटेच राहत. मुलगा, सून, नात गावाच्या दुसऱ्या टोकाला. पाचवीच्या बाईंनी पालकसभेसाठी भिंतीवर मुलांचे कागद लावले होते. पुस्तकातली विनोदी गोष्ट शिकवून झाल्यावर त्यांनी अभ्यास दिला होता : ओळखीच्या माणसाचं एक विचित्र वागणं लिहा. त्यामागचा हेतू काय? त्यात विनोद कुठे?

आजोबांनी चष्मा पुसून नातीचा कागद वाचला.

'माझे आजोबा दर शनिवारी पान्याने स्वयंपाकघरातला नळ ढिला करतात. राहायला गेले की मी बघते. हेतू : रविवारी बाबांनी दुरुस्तीला यावं.'

आजोबांनी चटकन बाजूला पाहिलं. मुलगा त्याच भिंतीशी, पाच कागद अलीकडे उभा होता. शाळेत असताना कधी पुस्तक न उघडलेला हा पोरगा आज एकेका कागदाचा कानामात्रासुद्धा सोडत नव्हता. दर रविवारी दोन बस बदलून नळ दुरुस्त करायला येतो बिचारा. त्याला हे कळलं की संपलं. नळ राहील, रविवार जाईल.

आजोबा कागदाला पाठ लावून उभे राहिले.

"बाबा, सरका ना. तिचं वाचू द्या."

"काय वाचायचंय त्यात? अक्षर चांगलं आहे. चल घरी."

"अहो, आत्ता तर आलो!"

"मला चक्कर येतेय."

झालं! मुलगा खुर्ची आणायला धावला, कुणी पाणी आणलं, कुणी वहीने वारा घालू लागलं. खुर्ची आली, पण बसलं तर कागद उघडा पडणार.

"उभ्यानेच बरं वाटतं मला," आजोबा म्हणाले, तेव्हा तर बाईही घाबरल्या.

तेवढ्यात नात गर्दीतून घुसली. "आजोबा, माझं वाचलंत? थांबा, मला पाठ आहे!"

"नको गं राणी, तुझा घसा..."

राणीचा घसा ठणठणीत होता. शनिवार, पाना, हेतू, सगळं खणखणीत म्हणून झालं. "आणि विनोद : आजोबांना घड्याळातला केसाएवढा स्क्रू बसवता येतो, पण नळ जमत नाही म्हणतात. बाबांना ते खरं वाटतं!"

वर्ग खो खो हसला. मुलगा हसला नाही. आजोबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"बाई," मुलगा घसा खाकरून म्हणाला, "एका पात्राचा हेतू लिहायचा राहिलाय." त्याने पाकिटातून नळात बसवायचा रबराचा नवाकोरा वायसर काढला. "हा चार महिने माझ्याकडे पडून आहे. दर रविवारी मी जुना, झिजलेलाच परत बसवून येतो."

आजोबा भिंतीपासून सुटे झाले. "म्हणजे? गधड्या, मग मी दर शनिवारी ओट्याशी वाकून कंबर कशाला मोडून घेत होतो?"

बाईंनी लाल पेन काढून कागदावरचा अर्धा गुण कमी केला.

"पण बाई," नात रडकुंडीला आली, "बाबा तर मोठे आहेत! त्यांना कसला आलाय हेतू?"

तर मंडळी, आज दिवा लावून देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या आजोबांची आठवण काढा. कुठलाही गळका नळ पुढे केलात, तरी खरा हेतू त्यालाही ठाऊक असतो. नळ अजून गळतोय.