घड्याळाचा खाडा

हजेरीपटात खाडा दिसला की हेडक्लार्क लाल पेन उपसायचे. (खाडा स्वतःचा असेल तर गोष्ट वेगळी.) त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या पार्किन्सन्ससाठी तिच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ बांधलं आणि "आठवडाभर काढायचं नाही" असं बजावलं, तेव्हा देखरेखीचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. घड्याळ हातांची हालचाल टिपणार, एआय तिचा अर्थ लावणार आणि त्यावरून गोळ्यांचं प्रमाण ठरणार होतं.

पण संध्याकाळी स्वयंपाकाला लागताना बायको घड्याळ काढून ठेवायची. पट्टा भिजेल म्हणे. म्हणजे रोजचा खाडा! हेडक्लार्कांनी ते मुकाट्याने स्वतःच्या मनगटावर चढवलं आणि सोफ्यावर टेकले. यंत्राला काय, हात मिळाल्याशी कारण! ती भांडी आवरून आली की घड्याळ परत. (मदत करायला त्यांची ना नव्हती, पण तिचे हात चालते राहायला हवेत, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या.)

आठवड्याने दवाखान्यातून फोन आला. बायकोने तो ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, संध्याकाळी माझे हात पार गोठतात म्हणे. तास न् तास हलतच नाहीत. आजपासून रात्रीची गोळी दुप्पट."

"दुप्पट?"

"मला कसं कळलं नाही हो?" ती शिलाई मशीनकडे बघत म्हणाली. "आता शिवणही सुटणार का माझं?"

हेडक्लार्क कात्रीत सापडले. गप्प बसावं तर नको ते औषध तिच्या पोटात जाणार, बोलावं तर आपली धडगत नाही. तिने दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. ती घाबरली होती, आणि ते त्यांना बघवेना.

"थांब! गिळू नकोस!" त्यांनी झडप घालून तिचा हात धरला. "अगं, ते हात तुझे नव्हतेच. माझे होते!"

सगळं ऐकून घेऊन तिने फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि नवऱ्यापुढे धरला. त्यांनी अडखळत कबुली दिली.

"गोळी पहिल्याइतकीच ठेवा," पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाईंचे दिवसाचे आकडे छान आहेत."

बायकोने डोळे पुसले.

"पण साहेब, तुम्ही एकदा तपासून घ्या. इतके निश्चल हात मी दवाखान्यातसुद्धा पाहिलेले नाहीत."

"तपासायचंय काय त्यात?" बायको म्हणाली. "लग्नापासून तसेच आहेत. त्यावर काही औषध निघालंय का, तेवढं तुमच्या एआयला विचारा."