एसीचं काळं पाणी

सावलीहून निघताना भागीरथाबाईंनी जावयाच्या जुन्या गाडीकडे एकदाच पाहिलं आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. सिरोंच्याला भावाच्या मुलीची संध्याकाळी हळद होती. पहिली हळद आत्याने लावायची. ती चुकली तर भाऊ जन्मभर ऐकवणार, हे त्यांना ठाऊक होतं. जावई आदेशराव वेळेवर पोचवतील यावर मात्र त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

चामोर्शीला चहाला थांबले, तेव्हा गाडीखाली काळा डाग पसरत होता.

"जावईबापू, खाली काय पडून राह्यलं?"

"एसीचं पाणी आहे, आई."

"काळं?"

"डांबरावर पडलं की काळंच दिसते."

"पण एसी तं तुमी लावलाच नाई," मागून मुलगी दिव्यानी म्हणाली. "पेट्रोल जास्त लागते म्हणून."

आदेशरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की तिने चहात तोंड घातलं.

"मिस्त्रीले दाखवा ना," भागीरथाबाई म्हणाल्या.

"मिस्त्री लुटतात. म्या मोबाइलवर सारं इंजिन पाह्यलं आहे."

आलापल्ली मागे पडली आणि स्टिअरिंगमागे लाल दिवा लागला. तेलाच्या बुधलीचं चित्र होतं त्यावर. आदेशरावांनी जरा विचार केला आणि बायकोकडे टिकली मागितली. मोठी. ती दिव्यावर चिकटवून ते म्हणाले, "सेन्सर खराब आहे. उगाच लक्ष जाते."

"टिकली लावली, आता इंजिनाची ओटी भरा," भागीरथाबाई पुटपुटल्या.

सिरोंचा जवळ येत असताना इंजिन आधी खडखडलं, मग धुमसलं, मग गप्प झालं. दोन्ही बाजूंनी नुसता साग. आदेशरावांनी बॉनेट उघडलं आणि नवसाला आल्यासारखे समोर उभे राहिले. मोबाइल वर धरून पाहिला. रेंज नव्हती, त्यामुळे त्यांची विद्याही नव्हती.

"ऑइल संपलं वाटते," ते शेवटी म्हणाले.

"म्हंजे ते पाणी नव्हतं?"

 आदेशरावांची नजर सासूबाईंच्या पायाशी असलेल्या कॅनवर गेली होती. भावासाठी घाण्यावरून काढून आणलेलं जवसाचं तेल होतं त्यात.

"आई, तेल तं तेलच असते."

"मंग तुमच्या डोक्याले लावा. तिथंच गरज आहे!"

जावयाशी इतकं उघड त्या कधीच बोलल्या नव्हत्या. पुढे काही बोलावं लागण्याआधी एक भरगच्च काळीपिवळी जीप आली. भागीरथाबाईंनी ती हात करून थांबवली आणि कॅन घेऊन चढल्या. दिव्यानी नवऱ्यापाशीच थांबली. पोरगी बुद्धीनेही सासरची झाली, असं त्यांना वाटलं.

मागे पाहून त्यांनी समाधानाने श्वास सोडला, तोच काळीपिवळीचं चाक फुटलं.

"दुसरं चाक लावा ना लवकर," त्या म्हणाल्या.

"ते तं मागच्या महिन्यातच फुटलं, बाई," ड्रायव्हर म्हणाला आणि बिडी पेटवून बसला.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. भागीरथाबाई सागाखाली कॅनवर बसून होत्या. तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत धानाची पोती, ट्रॉलीला दोर आणि दोराला आदेशरावांची गाडी. आदेशराव खिडकीबाहेर कोपर काढून, स्वतःच ओढत असल्यासारखे बसले होते.

"बसा, आई. जागा आहे."

भागीरथाबाईंनी उन्हाकडे पाहिलं, बिडीवाल्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने दार उघडलं.

"पाह्यलं का?" थोडं पुढे गेल्यावर आदेशराव म्हणाले. "आता एक थेंब तरी गळून राह्यला का?"

भागीरथाबाईंनी डोळे मिटून घेतले.

मांडवाच्या दारात भाऊ वाटच पाहत होता. ट्रॅक्टर, दोर, घामेजलेला जावई, सगळं पाहून त्याला भरून आलं. भागीरथाबाई कॅन उतरवेपर्यंत आदेशरावांनी हकिगत सांगूनही टाकली होती.

"वा, जावईबापू! गाडी मेली, तरी आमच्या बाईले हळदीले आणलं तुमी!" मग तो बहिणीकडे वळला. "अन् बाई, पोरीले जंगलात सोडून तू एकटीच काऊन निंगाली होती व?"

सगळा मांडव भागीरथाबाईंकडे पाहू लागला. आदेशरावांनी मोठ्या मनाने हात वर केला. "राहू द्या, मामा. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. असे जावई सगळ्याईले थोडीच भेटतात, हो ना आई?"

हळदीची वाटी समोर आली होती. वाजंत्री थांबली होती. भागीरथाबाईंनी वाटी जवळ ओढली.

"हो ना," त्या म्हणाल्या, आणि हळदीत बोटं बुडवली.