छोटीची दाढ

विद्यापीठाच्या पत्रात तीन तारखा होत्या आणि धांदलने त्यातली नेमकी चुकीची धरली. तीन तारखेपर्यंत मूळ कागदपत्रं खिडकीवर दाखवायची, सतराला वसतिगृह उघडणार, अठराला वर्ग सुरू. इतकं सरळ होतं. पण प्रवेश मिळाला एवढं वाचूनच तिचे डोळे आनंदाने दिपले, आणि पुढच्या मजकुरातला पहिला आकडा तिने डोक्यात पक्का करून टाकला. त्यामुळे अकरा तासांचा प्रवास करून, दोन बॅगा, एक उशी आणि टेबललॅम्प घेऊन ती तीन तारखेला दुपारी वसतिगृहाच्या दारात उभी राहिली, तेव्हा आतून रंगाचा वास आला आणि माणूस एकही आलं नाही.

घरात तिला धांदल म्हणत ते उगाच नव्हतं. घरात म्हणजे आई म्हणायची, कारण घरात दोघीच होत्या. आई दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. कुणाची कितवी दाढ कोणत्या साली काढली हे तिला कार्ड न बघता सांगता यायचं. तिने निघायच्या आधी तीनदा सांगितलं होतं, "तारीख पुन्हा एकदा वाच." धांदलने तिन्ही वेळा "वाचली गं" म्हटलं होतं.

प्रवेशाच्या खिडकीवरच्या कारकुनाने तिची कागदपत्रं तपासली, शिक्के मारले आणि सगळं चोख असल्याचं सांगितलं. मग तिच्या बॅगांकडे बघून म्हणाला, "कागद आज चालतात. माणूस पंधरवड्याने चालेल."

परत जाणं सोपं होतं. पण आईने पूर्ण दवाखान्याला सांगितलं होतं. डॉक्टरांनी धांदलला पेन दिलं होतं, कवळीवाल्या आजोबांनी आशीर्वाद दिला होता. दुसऱ्याच दिवशी त्या सगळ्यांसमोर उशी काखोटीला मारून उभं राहायचं, ते तिला जमणार नव्हतं.

वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या मावशी गालावर हात ठेवून बाहेर आल्या आणि तिची हकिकत ऐकून घेतली. अधीक्षक रजेवर होत्या, वरचे दोन मजले रंगाऱ्यांच्या ताब्यात होते. तळमजल्यावरच्या एका खोलीचा रंग वाळला होता. मावशींनी अधीक्षकांना फोन लावून तोंडी परवानगी काढली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "भिंतीला टेकायचं नाही," एवढीच अट घातली.

खोलीत दोन पलंग होते. धांदलने आपली उशी एकावर टाकली आणि दुसऱ्याकडे बघत बसली. इमारतीत एक्क्याण्णव खोल्या होत्या, हे तिने माहितीपुस्तकात वाचलं होतं. त्यातल्या नव्वद रिकाम्या आहेत हे त्यात नव्हतं. नळ सोडला की आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन परत येत होता.

संध्याकाळी सात वाजता आईचा फोन आला.

"पोचलीस? खोलीत कोण आहे?"

धांदलला खरं सांगायचं होतं. तिने तोंड उघडलंही. पण आई पुढे लगेच म्हणाली, "एकटी नाहीस ना? मला रात्रभर झोप नाही लागायची." आणि धांदलच्या तोंडून निघून गेलं की नाही, एक मुलगी आहे, छान आहे.

आईच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिथेच भागलं असतं. पण नवीन माणसाचं नाव, वय, तक्रार आणि पूर्वीचा इतिहास विचारणं हे आईचं वीस वर्षांचं काम होतं. नाव? धांदलने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली की तिला सगळे छोटी म्हणतात. वय अठराच. तीन भावांवरची एकटी. भूगोल घेतलाय. थोडी अबोल आहे. आईने सगळं "हं, हं" करत ऐकून घेतलं. कार्ड भरताना ती असंच हं हं करायची, हे धांदलला फोन ठेवल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, छोटीच्या तिन्ही भावांपैकी कुणी सोडायला आलं होतं का. तिसऱ्या दिवशी विचारलं, तिच्याहून धाकट्या भावाचं काय चाललंय. धांदल म्हणाली, बरं चाललंय. आई म्हणाली, परवा तर तू म्हणालीस ती सगळ्यांत धाकटी. त्या दिवशी धांदलने विद्यापीठासाठी आणलेली पहिली कोरी वही उघडली आणि तिच्या उच्च शिक्षणाचा आरंभ छोटीच्या भावांची नावं, नोकऱ्या आणि स्वभाव लिहून झाला.

दिवस मात्र संपता संपत नव्हते. ती सकाळी उठून रिकाम्या वर्गांमधून फिरून यायची. भाषाशास्त्राचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, वाचनालयाला मागून जिना, कॅन्टीनला कुलूप, हे सगळं तिला पाठ झालं. एकदा ती मोठ्या व्याख्यानगृहात पहिल्या बाकावर बसून राहिली. फळ्यावर गेल्या वर्षीचं अर्धं वाक्य राहिलं होतं. ते तिने वहीत उतरवून घेतलं. मग खोलीत येऊन उकडलेली दोन अंडी खाल्ली आणि सात वाजायची वाट बघत बसली. छोटीबद्दल बोलायला लागलं की तिलाच जरा बरं वाटायचं, हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

आईचं तिकडे उत्तम चाललं होतं. शेजारीण रोज संध्याकाळी गप्पांना यायची, "आत्ताही आलीये बघ, आत चहा ठेवतेय." शिवाय आई पोहायच्या क्लासला जायला लागली होती. निळी टोपी घेतली होती. ज्या बाईने आयुष्यात गुडघ्यावर पाणी येऊ दिलं नाही ती लेक गेल्याच्या आठवड्यात पोहायला लागते, हे ऐकून धांदलला आनंद व्हायला हवा होता. "वा," ती म्हणाली, आणि फोन ठेवून बराच वेळ समोरच्या रिकाम्या पलंगाकडे बघत राहिली.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, "छोटीला दे फोन. दोन शब्द बोलते."

"आत्ता नको. तिची दाढ दुखतेय. तोंड उघडत नाहीये."

दातांच्या दवाखान्यात बसणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे अग्निशामक दलाला फोन करून धूर दिसतोय म्हणण्यासारखं होतं, हे धांदलच्या ध्यानात यायला एक क्षण उशीर झाला. आईचा आवाजच बदलला. वरची की खालची? गारने दुखते की गरमने? ठणका आहे की कळ येते? धांदल म्हणाली, विचारून सांगते, आणि फोन तळव्याने झाकून थेट मावशींच्या खोलीत गेली. मावशी नेहमीप्रमाणे गालाला हात लावून बसल्या होत्या.

"मावशी, तुमची दाढ वरची की खालची?"

"खालची. डावीकडची."

"गारने दुखते की गरमने?"

"आता कशानेही दुखते," मावशी म्हणाल्या. "पण काढायची नाही मला. मी सांगून ठेवते."

धांदलने बाहेर येऊन जशीच्या तशी लक्षणं सांगितली. खरी दाढ असल्यामुळे लक्षणं इतकी अचूक जुळली की आईने ती डॉक्टरांच्या कानावर घातली. डॉक्टर म्हणाले, हे अंगावर काढण्यातलं नाही. त्यांच्या वर्गात शिकलेल्या एक डॉक्टरीणबाई विद्यापीठाच्याच गावात दवाखाना चालवत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छोटीच्या नावाने गुरुवारी अकराचा नंबर लागला. धांदलने छोटीला बरं वाटतंय म्हणून बघितलं. आई म्हणाली, दाढ अशी आपोआप बरी होत नसते, ती नुसती दबा धरून बसते. ती गेली का नाही हे मी साडेअकराला तिथे फोन करून विचारणार आहे.

आता कुणीतरी जाणं भाग होतं, आणि दुखरी दाढ इमारतीत एकच होती.

धांदलने मावशींना सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून, भावांसकट.  मावशींनी गाल दाबून विचार केला. गेले पाच महिने त्या एका बाजूने जेवत होत्या, आणि सोबत यायला कुणी नाही म्हणून जात नव्हत्या, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"तू हात धरून बसशील?"

"बसेन."

"वय किती लिहिलंय माझं?"

"अठरा."

"चालेल," मावशी म्हणाल्या.

गुरुवारी दवाखान्यातल्या मुलीने कार्डाकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आणि पेशंट कुठे आहे म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, मीच. मुलीने अठरा या आकड्यावर बोट ठेवलं. "कामाने वाळले," मावशी म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या. खुर्चीत बसल्यावर मात्र त्यांनी धांदलचा हात असा धरला की बोटं पांढरी पडली.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून बघितलं. छोटीला आधीच तीन दाढा नव्हत्या आणि एका दातावर सोन्याची टोपी होती.  त्यांनी फोटो काढला, भुलीची सुई दिली, आणि मावशी डोळे मिटून पुढच्या दुखण्याची वाट बघत असतानाच दाढ बाहेर आली. कापसाचा बोळा दाबून मावशी बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंनी हात धुता धुता धांदलला थांबवलं.

"तिकडचे डॉक्टर माझे वर्गमित्र. या दाढेसाठी त्यांनी मला दोनदा फोन केला. पेशंट छप्पन्नची आहे हे मी त्यांच्यापासून लपवणार नाही."

धांदलने मान खाली घातली.

"पण ते फोनवर दाढेपेक्षा तुझ्या आईबद्दलच जास्त बोलले," त्या म्हणाल्या. "सहाला दवाखाना बंद होतो, तरी त्या आठपर्यंत उठत नाहीत. सात वर्षांची कार्डं नव्या अक्षरात उतरवून काढली म्हणे. सात वाजता तुला फोन लावतात, शेजारीण आलीये म्हणून सांगतात, आणि समोर कपाटात नुसते जबड्यांचे साचे असतात. घरी जा म्हणायचा त्यांना धीर होत नाही. काय झालंय, मी तुला विचारावं म्हणाले."

परत येताना मावशींना बोलता येत नव्हतं आणि धांदलला बोलावंसं वाटत नव्हतं. त्या संध्याकाळी ती सहापासूनच फोन समोर ठेवून बसली. सातला तो वाजला.

"छोटीची दाढ काढली का?" आईने विचारलं.

"काढली."

"वय काय म्हणालीस तिचं?"

"छप्पन्न."

 आई रागावली तर एक श्वास घेऊन सुरू करायची. तो श्वास आला नाही, म्हणून धांदलनेच विचारलं.

"शेजारीण काय करतेय?"

"ती बहिणीकडे राहायला गेली," आई हळू आवाजात म्हणाली. "तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"आणि पोहणं?"

"टोपी घेतली. पाण्यापर्यंत नाही गेले." मग म्हणाली, "घरी सात वाजता दिवा लावला की सगळं घर एकदम दिसतं गं. इथे बरं वाटतं."

धांदलला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्हींतलं काय आधी येऊ द्यावं हे न कळल्याने तिला उचकी लागली. तारीख कशी चुकली ते तिने सांगितलं. आईने ऐकलं आणि ठरलेलं वाक्य म्हटलंच, "मी तीनदा सांगितलं होतं." पण त्यात जोर नव्हता. परत येतेस का, असं तिने विचारलं नाही आणि येऊ का, असं धांदलनेही विचारलं नाही. दोघींनी ते शब्द तोंडात आणून गिळले, हे दोघींना ऐकू आलं.

"उठ आता तिथून," धांदल म्हणाली. "कुलूप लाव आणि घरी जा. पोचलीस की फोन कर. आणि जेवल्याशिवाय झोपायचं नाही."

"बरं," आई म्हणाली.

त्यानंतर रोज संध्याकाळी आई घरून फोन करायची, टेबलावर तो तसाच चालू ठेवायची आणि जेवायला बसायची. इकडे धांदल अंडी सोलायची. मावशी आता दोन्ही बाजूंनी जेवत, त्याही ताट घेऊन तिच्या खोलीत येऊन बसत. बोलणं फारसं व्हायचं नाही. अधूनमधून आई विचारायची, जखम भरली का, आणि मावशी फोनपुढे तोंड उघडून दाखवायच्या. फोन नुसता बोलायचा आहे, हे धांदलने त्यांना दोनदा सांगून सोडून दिलं.

सतरा तारखेला सकाळी अकरापासून गाड्या यायला लागल्या. जिन्यावर बॅगा आपटायला लागल्या, बाप पंख्यांची बटणं दाबून बघायला लागले. धांदलला सगळं माहीत असल्यामुळे लोक तिलाच वाट विचारत होते. एका वडिलांनी तिच्याकडे गळक्या नळाची तक्रारही नोंदवली.

दुपारी ती खोलीकडे आली तेव्हा दाराबाहेर एक उंच, चष्मा लावलेली मुलगी उभी होती. एकटीच होती. पायाशी एक बॅग, त्यावर गुंडाळलेली गादी. दार उघडं असूनही ती आत गेली नव्हती. भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होती.

"हो आई, आलीये ना रूममेट. छान आहे अगदी. केव्हाच्या गप्पा मारतोय आम्ही. नाही, आत्ता नाही देता येणार, तिचा ना, घसा बसलाय..."

बोलता बोलता ती वळली आणि तिला धांदल दिसली. मग दारावरच्या पाटीवरची दोन नावं दिसली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. फोनमधून बारीक आवाज येतच होता. कसला घसा, किती दिवस झाले, गरम पाणी पितेय का ती.

धांदलने हात पुढे केला. मुलीने त्यात फोन ठेवला.

धांदलने आवाज शक्य तितका खरखरीत केला आणि म्हणाली, "नमस्कार काकू. कालपासून बसलाय. पण तुमची मुलगी फार काळजी घेतेय."