मु. पो. भोपळेवाडी येथील सायलेन्सर

कोणत्याही वस्तूचे चोरांपासून रक्षण करायचे, तर ती वस्तू आपल्याकडे आहे हे मालकाला आधी ठाऊक असावे लागते. श्रीपती खांडेभराड सरांकडे सहा वर्षांपासून एक पांढरी व्हॅन होती, आणि तिच्या पोटाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा एक डबा आहे याची सरांना सहा वर्षे गंधवार्ता नव्हती. चोरांना होती. (ज्ञानाच्या बाबतीत शिक्षक मागे पडल्याचे हे काही पहिलेच उदाहरण नव्हे.)

हा डबा सायलेन्सरच्या नळीतच बसवलेला असतो. इंजिनाचा विषारी धूर त्यातून गेला की कमी विषारी होऊन बाहेर पडतो. त्यासाठी आत मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेली जाळी असते. चोर तिचा चुरा करतात आणि त्या चुऱ्याला ‘माती’ म्हणतात. गाडीचे रेडिओ, गाद्या, आरसे वगैरे किरकोळ माल काचेआड कुलपात ठेवायचा आणि सगळ्यात महागडा ऐवज मात्र रस्त्यापासून वीतभर उंचीवर, चार बोल्टांच्या भरवशावर टांगायचा, यामागे गाडी बनवणाऱ्यांचा काही तरी खोल विचार असणार. तो अजून कोणाला सापडलेला नाही.

सरांना हे सगळे कळले ते शेजारच्या गल्लीतल्या मंडपवाल्याच्या व्हॅनमुळे. एका सकाळी ती सुरू केली आणि अख्ख्या कॉलनीला वाटले, दारात मळणीयंत्र आले. सायलेन्सर गायब होता. त्या दिवसापासून सर रोज सकाळी आंघोळीच्या आधी व्हॅनखाली वाकून नमस्कार केल्यासारखे पाहून येऊ लागले.

इथे सरांच्या राहण्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. सर तीर्थपुरीच्या पुढे सात किलोमीटरवर असलेल्या भोपळेवाडीच्या शाळेत शिक्षक. शिक्षकाने नोकरीच्या गावीच राहावे असा शासनाचा आदेश आहे, आणि सर तो अकरा वर्षे काटेकोर पाळत होते. कागदोपत्री ते भोपळेवाडीत पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याच्या खोलीत राहत. देह तेवढा जालन्यात, पत्नी प्रभावतीबाईंजवळ, कॉलनीतल्या घरी असे. पुंजारामच्या खोलीत सरकी पेंड, कडब्याच्या पेंढ्या आणि एक शेळी होती. पण दारावर खडूने ‘श्रीपती सर’ असे लिहिले होते आणि शेळीने कधी हरकत घेतली नव्हती. सर गावातच राहतात असा ठराव ग्रामसभा दरसाल एकमताने करी. खाली दोनशे चौदा सह्या व अंगठे असत. (पैकी नऊ जण मयत, तेही सरांच्या बाजूचे.) गाव काही खुळे नव्हते. संध्याकाळी परतणाऱ्या व्हॅनमधून गावातला पेशंट जालन्याच्या दवाखान्यात फुकट पोचत असे, आणि गावात राहणारा शिक्षक ही सोय कुठून करणार?

व्हॅनमध्ये सरांबरोबर आणखी तीन कर्मचारी अपडाउन करीत. त्यांत अरुंधती मॅडम होत्या. त्या भोपळेवाडीच्या ग्रामपंचायतीचे दप्तर सांभाळत, आणि सरांच्या रहिवासाचा ठराव त्यांच्याच सुवाच्य अक्षरात असे. मंडपवाल्याची बातमी कळताच त्यांनी चालत्या गाडीत ‘सायलेन्सर संरक्षण समिती’ स्थापन केली आणि वाटेतले अंबड येईपर्यंत पहिल्या बैठकीचे इतिवृत्तही लिहून काढले.

समितीने पहिला उपाय केला तो भिंतीचा. सायलेन्सरची बाजू भिंतीला चिकटवून गाडी लावायची. चार दिवसांनी लक्षात आले की गाडीला दुसरीही बाजू असते. मग कुत्रे पाळण्यात आले. त्याला गरम सायलेन्सरखालची जागा फार आवडली. समितीच्या नोंदीनुसार ते महिन्याभरात एक्केचाळीस वेळा भुंकले; पैकी चाळीस वेळा सरांवर आणि एकदा मांजरावर. रोज संध्याकाळी सायलेन्सर काढून घरात आणून ठेवावा, अशीही सूचना आली. तो काढायला दोन तास आणि बसवायला तीन तास लागतात, हे पाहून ती सूचना ‘तत्त्वतः मान्य’ करण्यात आली. ज्यांना तत्त्वतः मान्य म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांनी कधी सरकारी कचेरीत अर्ज दिलेला नसावा.

शेवटी मिथुन वेल्डरला बोलावले. मिथुनने बारा एमएमच्या सळईचा पिंजरा करून डब्याभोवती जोडून टाकला. जालन्याची सळई कुठल्या कुठल्या इमारती तोलून धरते. पिंजऱ्यात तर ती निवांतच होती. पिंजऱ्यामुळे गाडी मात्र इतकी खाली आली की प्रत्येक गतिरोधकावर घासू लागली. जालना ते भोपळेवाडी असे गतिरोधक सदतीस. प्रत्येकापाशी तिघांनी उतरायचे, सरांनी रिकामी गाडी पार करायची आणि पुन्हा बसायचे, असे ठरले. त्यामुळे शाळेत पोचायला पाऊण तास उशीर होऊ लागला, पण त्याची नोंद कुठेच झाली नाही. जो गावातच राहतो त्याला उशीर होणार कसा?

“सर, आजून एक काम करा,” मिथुन म्हणाला. “डब्यावर नाव-पत्ता टाकू. म्या मोबाईलवर पाह्यलं. चोर धरला तर पोलीस माल घरपोच करतेत.”

समितीला हे पसंत पडले. मिथुनने वेल्डिंगची कांडी लावली. खांडेभराड हे आडनाव डब्याला पुरेना, म्हणून ते वळसा घालून मागे नेले.

“पत्ता कोन्ता टाकू?”

“मुक्काम पोस्ट भोपळेवाडी,” सर म्हणाले.

त्यांना विचार करावा लागला नाही. अकरा वर्षे प्रत्येक अर्जावर, प्रत्येक प्रमाणपत्रावर हाच पत्ता लिहून त्यांचा हात इतका सरावला होता की खरे घर कुठे हे फक्त पायांनाच आठवत असे.

पुढे एका गुरुवारी सकाळी व्हॅन सुरू केली आणि दारात मळणीयंत्र आले. डबा गेला होता. पिंजराही गेला होता. भंगारात सळईला काय भाव मिळतो हे जालन्याच्या चोराला कोणी शिकवायला नको. कुत्रे जागेवर होते.

सरांनी तक्रार दिली नाही. तक्रारीत पहिला प्रश्न असतो, गाडी कुठे उभी होती? नवा डबा परवडेना, म्हणून मिथुनने एक साधी नळी जोडून दिली आणि व्हॅन चालू राहिली. भोपळेवाडीला तिचा आवाज दोन किलोमीटरवरून येई. तो ऐकून पोरे शाळेकडे पळत आणि हजेरी अकरा टक्क्यांनी वाढली. त्रास झाला तो एकट्या प्रभावतीबाईंना. त्यांना दमा होता, आणि व्हॅन उभी राही ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी. सकाळी गाडी गरम होईतो धूर सरळ आत येई. पोळी लाटता लाटता त्या ओट्याला धरून उभ्या राहत. ते पाहून सरांना खरोखर वाईट वाटे. एकदा तर त्यांनी शाळेत फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. पण वाईट वाटण्याने पत्ता बदलत नाही.

“पोलिसात जाऊन सांगा ना, चोरी इथं झाली म्हनून,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “माह्या छातीत धूर भरून राह्यला हो.”

“इथं झाली म्हटलं तर मी इथं राहतो असं होतं.”

“मंग कुठं ऱ्हाता?”

सरांनी गाडीची किल्ली उचलली. जालन्यात राहत असल्याचे उघडकीस आले की चौकशी, आणि चौकशीनंतर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, धावड्याकडे बदली, हे त्यांनी दुसऱ्या एका शिक्षकाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले होते.

दरम्यान पोलिसांनी चोर पकडला. पोलीस चोर पकडतील ही शक्यता समितीने कुठल्याच बैठकीत विचारात घेतली नव्हती. त्याच्याकडे त्रेसष्ट डबे सापडले. बासष्ट निनावी. एकावर मात्र ठळक, वळसा घातलेले नाव आणि पूर्ण पत्ता. हवालदार भारत गाढे हे नोकरीत नवे आणि मनाने चांगले. मालकाला माल घरपोच द्यावा, म्हणून ते डबा मोटारसायकलला बांधून थेट भोपळेवाडीला आले.

सर पाचवीला भागाकार शिकवीत होते. फोन वाजला.

“सर, पोलीस तुमच्या घरी आल्ते, म्हंजे हायेत,” पुंजाराम कुजबुजला. “शेळी बाह्यर काढू का तुमीच येता जल्दी?”

सर पोचले तोवर निम्मे गाव जमले होते. अरुंधती मॅडम दप्तर घेऊन हजर होत्या. हवालदारांनी दारावरचे नाव वाचले, खोलीत डोकावले, शेळीकडे पाहिले आणि आदराने विचारले, “सर, सामान कमी ठेवता?”

“साधी राहणी,” अरुंधती मॅडम म्हणाल्या आणि अकरा ठराव पुढे केले.

हवालदारांनी ते नीट वाचले. “ठीक हाय. पन एक अडचन हाय, सर. चोर म्हनतो, ह्यो डबा म्या जालन्यातून उचलला. गल्लीचं नाव सांगतो, खिडकी सांगतो, तुमच्या कुत्र्याला बिस्कुट घातलं म्हनतो. तुमी तर इथं ऱ्हाता. मंग गाडी तिकडं काय करून राह्यल्ती?”

गाव शेळीकडे पाहू लागले. या सबंध प्रकरणात आजवर खरा पत्ता फक्त एका माणसाने पोलिसांना सांगितला होता, आणि तो कोठडीत होता.

सरांनी डबा हातात घेतला. जड होता. त्यावर त्यांचे नाव होते, आणि त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी दिसत होत्या: ओट्याला धरून उभी बायको आणि दोनशे चौदा सह्या. ‘माझा आहे’ एवढे दोन शब्द म्हटले की खिडकीतला धूर थांबत होता. पण ठराव खोटे पडत होते, आणि त्यांच्याबरोबर पुंजाराम, अरुंधती मॅडम, सरपंच आणि नऊ मयत.

“हा माझा नाही,” सर म्हणाले.

“नाव तर तुमचंच हाय!”

“एका नावाची दोन माणसं असतात.”

“असत्येत ना,” पुंजाराम चटकन म्हणाला. “दुसरा एक श्रीपती खांडेभराड हायेच की. बिलकुल असाच दिसतो.”

“कुठं ऱ्हातो?”

पुंजारामने जन्मात पहिल्यांदा पोलिसांशी खोटे बोलायचे ठरवले होते, आणि घाईत जे तोंडात आले ते बोलून गेला. “जालन्याला.”

ग्रामसभा तिथेच, कडुनिंबाखाली भरली. गावात राहणारे श्रीपती खांडेभराड आणि जालन्यात राहणारे श्रीपती खांडेभराड या दोन स्वतंत्र व्यक्ती असून त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. हवालदारांनी त्याची प्रत घेतली आणि डबा पुन्हा मोटारसायकलला बांधला.

आठवड्याभराने दुसऱ्या श्रीपतीच्या नावाची नोटीस घेऊन ते चोराने सांगितलेल्या घरी गेले. दार प्रभावतीबाईंनी उघडले. त्यांना बोलायला जरा वेळ लागला, आधी खोकला संपवावा लागला.

“ते इथं न्हाई ऱ्हात,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्सं झाली.”

तेव्हापासून डबा ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, दुहेरी कुलपात आहे. जिल्ह्यात इतका सुरक्षित कन्व्हर्टर दुसरा नाही. समितीने उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाल्याची नोंद करून स्वतःचे विसर्जन केले. व्हॅन रोज सकाळी खिडकीशी गरम होते.

या दुसऱ्या श्रीपतीचा ठावठिकाणा ज्या कोणाला माहीत असेल त्याने ठाण्यात कळवावे, असे पोलिसांचे आवाहन आहे. अजून कोणी गेलेले नाही. तुम्हाला तर आता घर ठाऊक आहे, गाडी ठाऊक आहे, खिडकीतली बाई ठाऊक आहे. पण तुम्हीही जाणार नाही. माहिती देणाऱ्याने आपले ओळखपत्र बरोबर आणायचे असते, आणि त्यावर पत्ता असतो.