दर्याजी उदाचे एकीवरचे भाषण

एका जंगलाला समुद्रही होता. असतो कधीकधी. मधे बोलू नका.

त्या जंगलाच्या आरमारात एक शिडाचे गलबत होते. त्याचा कप्तान दर्याजी नावाचा ऊद, म्हणजे पाणमांजर. शिडे माकडे सांभाळत, वल्ही अस्वले मारत.

एकदा दूरच्या बेटावरची विहीर आटली. तिथे सशांची वस्ती. सिंहमहाराजांनी पाण्याची पिंपे भरून दर्याजीला धाडले.

"दहा दिवसांत पोच. त्यापुढे ससे तग धरायचे नाहीत."

पण खलाशी धुसफुसत होते. भाकरीत किडे निघत. माकडे म्हणत, "अस्वलं ऐतखाऊ." अस्वले म्हणत, "माकडं नुसती वर लोंबकळतात." पाच दिवस झाले, तरी निम्मीही वाट सरली नव्हती.

दर्याजी मनाचा चांगला. त्याने रात्रभर जागून एकीवर भाषण लिहिले. सहाव्या दिवशी गलबत थांबवून सगळ्यांना गोळा केले.

"बंधूंनो! एकी म्हणजे काय?"

दुपार झाली, तरी एकी म्हणजे काय ते कळले नव्हते. दोन अस्वले बसल्या जागी घोरू लागली. दर्याजी प्रेमाने म्हणाला, "उरलेलं उद्या. गलबत रेंगाळलं, की लगेच सुरू करू."

त्या संध्याकाळी झुंबरी माकडीण प्रथमच खाली अस्वलांकडे आली.

"भालूदादा, ह्याला समुद्रात ढकलू या का?"

भालू अस्वलाने विचार केला. "नको गं. चौकशी समिती बसेल. समितीत सगळेच भाषण करतात."

"मग?"

"गलबत रेंगाळूच द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून नवल घडले. वारा फिरला, की माकडे शिडे फिरवीत. वारा पडला, की अस्वले वल्ह्यांना भिडत. अस्वले दमली, की माकडेही वल्ह्याला लोंबकळत. दर्याजी कागद घेऊन पुढे आला, की सगळे एका सुरात ओरडत, "कामात आहोत, साहेब!"

दहाव्या दिवशी सकाळी गलबत बेटाला लागले. ससे पोटभर पाणी प्याले आणि वाळूत नाचले. अस्वले आणि माकडे एकमेकांच्या गळ्यात पडली.

दर्याजीचे डोळे भरून आले. "बघितलंत? अर्ध्याच भाषणाचा हा परिणाम!"

महाराजांनाही ते पटले. आरमाराच्या प्रत्येक गलबतावर आता ते भाषण पूर्ण वाचले जाते.

तात्पर्य : एकीचे बळ मोठे असते. म्हणून पुढाऱ्याने जमेल तितके कंटाळवाणे बोलावे.